चार कोंबड्यांच्या तब्येतीची टिपणं

११ नोव्हेंबर १९३३

बत्तीस वर्षं कचेरीत रेकॉर्ड सांभाळलं. दुसऱ्यांचे कागद लावता लावता केस पांढरे झाले, स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाही. पेन्शनीत आल्यावर वही उघडली ती कशासाठी, तर कोंबड्यांसाठी. हसा लेको.

कारण लिहून ठेवतो. हिला भाद्रपदापासून बारीक ताप आहे. खोकला आहे. बांगड्या मनगटावर राहत नाहीत, कोपराकडे सरकतात. परवा डॉक्टरांनी मला पडवीच्या टोकाला नेलं आणि क्षय हा शब्द हळूच उच्चारला. म्हणाले, औषध थोडं, खाणं जास्त. दूध द्या. दिवसाला दोन कच्ची अंडी दुधात फेटून, वर चमचाभर डॉक्टरी ब्रँडी. अंगावर मांस चढलं तर वाचतील, नाही चढलं तर फाल्गुनापुढचं मी काही बोलत नाही.

मी म्हटलं, डॉक्टर, आम्ही ब्राह्मण. तर म्हणाले, ते त्या दुखण्याला सांगून बघा.

बाजारातून अंडी आणायची तर सगळी आळी पिशवीत डोकावते. तेव्हा घरच्याच कोंबड्या, त्याही मागल्या परसात, गोठ्याच्या आड. जनीला बोलावलं. ही भंडारवाड्यातली, आमच्याकडे वीस वर्षं झावळ्या उचलायला आणि परस झाडायला येते. ती डालग्याखाली झाकून चार कोंबड्या घेऊन आली. तांबडी, काळी, कवडी आणि पायाला पिसं असलेली झिपरी. मी विचारलं, आणि कोंबडा? तो आरवला की आळीभर बोभाटा. जनी पोट धरून हसली. "आण्णानू, अंड्याला कोंबडा कशाला व्हया? तो पिल्लांसाटी." छप्पन्न वर्षांचा झालो, हे ठाऊक नव्हतं. आम्हाला मूल नाही, कोंबड्याही नाहीत, कुठून ठाऊक असणार!

जनीने जाताना बजावलं, रोज शीट बघत जा. "कोंबडीचा दुखणा तोंडान् नाय कळत, आण्णानू. ढुंगणान् कळता."

१४ नोव्हेंबर

आज पहिली दोन अंडी. हिने अटी घातल्या. स्वयंपाकघरात अंडं आणायचं नाही. कप वेगळा. फेटायचं ते गोठ्याजवळ, तीन दगडांच्या चुलीवर दूध तापवून. आणि मी समोर उभं राहायचं नाही.

"तुम्ही बघत असलात तर घशाखाली उतरायचं नाही हो. कप मागल्या दाराच्या चिऱ्यावर ठेवा आणि ओटीवर जाऊन बसा. मी घेईन."

चार वाजता ठेवला. ओटीवर येऊन बसलो. दहा मिनिटांनी जाऊन पाहतो तो कप धुऊन पालथा घातलेला. एवढ्या सहज ऐकेल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं रडेल, उपास धरेल, माहेरी निरोप धाडेल. काही नाही. मोठं काम झालं.

१६ नोव्हेंबर

खुराडं साफ करणं आलं. जनी म्हणाली मी करते, पण तिने केलं तर शीट मला कशी दिसणार? शिंचं काम मीच केलं. आंघोळीच्या आधी, कचेरीतला जुना काळा कोट अंगात, हातात नारळाच्या करवंटीचं खापर. वाकलो आणि आठवलं, जानवं. शौचाला जाताना कानावर घेतो तसं कानावर घेतलं. दुसऱ्याच्या शौचाला घ्यायचं की नाही हे कुठल्या शास्त्रात असेल देव जाणे. घेतलेलं बरं.

मागे हसू ऐकू आलं. ही खिडकीत उभी. पदर तोंडाला लावून हसत होती आणि हसता हसता खोकत होती.

शीट: चौघींची घट्ट, करडी, वर चुन्याची टोपी घातल्यासारखी. जनी म्हणते हीच खरी. आंघोळ करून आत गेलो आणि हिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. कधी नव्हे ते दोन प्रश्नही विचारले.

२२ नोव्हेंबर

कवडीची पातळ. पिवळट, फेस असलेली. बाकी तिघींची बरी.

२३ नोव्हेंबर

तांबडीचीही पातळ. काय खाल्लं म्हणावं? मी देतो ती कणी आणि कोंडा, दोन्ही स्वच्छ. लंघन घालून पाहतो. माणसाला लागू पडतं ते कोंबडीला का पडू नये?

२४ नोव्हेंबर

लंघन घातलं तर चौघींनी दिवसभर असा आरडाओरडा केला की परशुराम कुंपणाशी आला. परशुराम हा माझा धाकटा भाऊ. अंगण एक, विहीर एक, चुली दोन. आजवर सगळं ठीक चाललं होतं.

"अण्णा, विहिरीपासून वीस पावलांवर कोंबड्या! वडिलांचं श्राद्ध तोंडावर आलंय. भटजी येतील का तुमच्या घरात?"

मी म्हटलं, न येतील तर न येवोत. वहिनी जगायला हवी की श्राद्ध व्हायला हवं, तू सांग.

तो वळून गेला. संध्याकाळी त्याच्याकडून रोज येणारी वरणाची वाटी आली नाही. थकलो बुवा. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

३ डिसेंबर

सुंठ, जायफळ उगाळून कण्यांत मिसळलं. शीट तशीच. उलट काळीचीही आता पातळ. झिपरी तेवढी बरी. ती भित्री आहे, सगळ्यांच्या मागे राहते.

एक लिहायचं राहिलं. हिच्यात पुष्कळ सुधारणा दिसते, म्हणजे विचारांत. अंडं खाऊन देवाजवळ दिवा कशी लावेल, ही मला काळजी होती. म्हटलं होतं, मीच लावीन. पण ही रोज तिन्हीसांजेला सोवळं नेसून स्वतः लावते, देवांना हात लावते, निरांजन ओवाळते. बिलकूल कचरत नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, अगो, चालतं ना? तर म्हणाली, "माझं मला कळतं हो." जुन्या वळणाची म्हणून मी हिला किती बोललो आयुष्यात. डॉक्टरांमुळे काळ बदलला म्हणायचा.

१० डिसेंबर

आज घाबरलो. साडेचारला परसात गेलो तर कवडी वाकडी चालत होती. दोन पावलं सरळ, तिसरं भलतीकडे, मग बसली आणि मान टाकली. मानमोडी आली असं वाटलं. ही साथ आली की वाडाभर कोंबडी उरत नाही म्हणतात. चौघी गेल्या तर हिने काय खायचं?

धावत जनीला आणलं. तिने कवडी उचलली, डोळे पाहिले, चोच उघडून हुंगली. मग मला म्हणाली, "मानमोडी नाय ही. दारू पिल्यागत करता. माजा दादू मचव्यावरनं येताना अस्साच येता." दादू म्हणजे तिचा नवरा, जयगडच्या खाडीत मचवा हाकतो.

मी म्हटलं, जने, ब्राह्मणाच्या परसात दारू कुठून येणार! डॉक्टरी बाटली कपाटात कुलपात आहे, किल्ली माझ्या जानव्याला. ती चिऱ्याच्या पायरीकडे बघत राहिली जरा वेळ. दिवेलागणीपर्यंत कवडी ठणठणीत. शीट मात्र पाण्यासारखी.

१९ डिसेंबर

नवीन कटकट. खुराड्यात फुटकी कवचं. साप म्हणावं तर कवच ठेवत नाही. मुंगूस म्हणावं तर झडप लावलेली. आज दुपारी टपून बसलो. काय पाहतो, तर काळीने अंडं घातलं आणि तांबडीने येऊन टोच मारून खाल्लं! स्वतःच्या जातीचं! दोघींनी मिळून चाटूनपुसून साफ केलं.

जनी म्हणते, "अंड्याची चटक लागली त्यास्नी. कोनी तरी चव दाखवली." मीच फेटल्यावर कवचं तिथेच टाकतो, त्याला चिकटलेलं खाल्लं असेल. चूक माझी. आजपासून कवचं पुरायची. तोवर कमी पडतील ती अंडी जनी झावळ्यांच्या भाऱ्यात लपवून आणील. साठीच्या घरात येऊन चोरटा माल घेतो आहे.

२७ डिसेंबर

डॉक्टर आले. हिला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. अंगावर काही चढलेलं नाही. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं.

"दोन अंडी रोज जातायत ना पोटात?"

"जातायत. मी स्वतः देतो. कप धुऊन परत येतो."

डॉक्टर आत हिच्याकडे बघून म्हणाले, "काय वहिनी, घेता ना?" ही जमिनीकडे बघत म्हणाली, "हे देतात ना." लाजाळू आहे, परपुरुषापुढे बोलत नाही.

डॉक्टर म्हणाले तीन करा. दूधही वाढवा. ब्रँडी दोन चमचे.

मी करीन. चार म्हणाले असते तर चार केली असती.

६ जानेवारी १९३४

काय चाललंय कळत नाही. तीन अंडी सुरू केली त्या दिवसापासून कोंबड्या जास्तच बिघडल्या. कवडीच्या मागची पिसं चिकटून गोळा झाली आहेत, रोज कोमट पाण्याने धुतो. तांबडीची हिरवट, काळीची पांढरी, आंबट वास. झिपरीसुद्धा आज बिघडली. ती आता भीत नाही, पुढे घुसते.

ओल लागली असेल म्हणून खाली राख पसरली. पाणी उकळून निववून ठेवतो. झाप नवीन बांधला. कंबर धरली आहे. कचेरीत एवढा राबलो असतो तर शिरस्तेदार होऊन बाहेर पडलो असतो.

सकाळी आंघोळ झाली की हिच्या खाटेशी बसून सगळं सांगतो. कोणाची कशी, कुठल्या रंगाची, काल काय दिलं होतं, आज काय देणार. हिला मजा वाटते. काल म्हणाली, कवडीला थोडं डाळिंबाचं साल देऊन बघा. वा! मला सुचलंच नव्हतं. दिलं. उपयोग झाला नाही, पण सुचलं तर खरं.

१४ जानेवारी

संक्रांत. परशुरामाकडून तिळगूळ आला नाही. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, अगो, मी देतो की. दिला. ही म्हणाली, "गोड बोला," आणि मग हसून, "कोंबड्यांवर तेवढं ओरडू नका."

मग मीच बोलत सुटलो. पहिल्या वर्षी रेकॉर्डरूममध्ये धामण निघाली होती ती गोष्ट सांगितली. हिला ठाऊकच नव्हती. एकतीस वर्षांत सांगितली नव्हती म्हणे. असेल.

चार वाजता कप ठेवला. जाताना ही भिंतीला धरून धरून मागल्या दारापर्यंत गेली. म्हटलं, खाटेवर आणून देतो. तर म्हणाली, "नको हो. तेवढीच चार पावलं टाकते." जिद्दीची आहे. जगेल.

२३ जानेवारी

कवडी मेली.

सकाळी खुराड्यात आडवी होती. मला रडू आलं. कोंबडीसाठी रडलेला आमच्या कुळातला मी पहिलाच असेन. पुरायला निघालो तर जनी म्हणाली थांबा, आजार काय ते बगूया. कोयता घेऊन आंब्याखाली गेली. मी पाठ करून उभा.

परत आली ती चेहरा वेगळा करून. "आण्णानू, कवडीच्या गळ्याच्या पिशवीत दही व्हतं. घट्ट गोळा. आंबलेला. वास बी मारता."

"कसला वास?"

"असाच." मग माझ्याकडे न बघता, "कोंबडी दूध पिली का अशीच शिटता, आण्णानू."

मी चिडलो. दूध इथे हिच्यापुरतं मिळता मारामार, कोंबड्यांना पाजायला कोण वेडा बसलाय! मांजराची वाटी असेल परशुरामाकडे.

जनी पाय धुऊन आत गेली. ती कधी माजघराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, पण आज उंबऱ्यावर बसली आणि ही खाटेवरून खाली उतरून तिच्याजवळ बसली. दोघी हळू बोलत होत्या. मी गेलो तर गप्प. जनीचे डोळे लाल. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काय नाय. थंडीच्या दिवसात कोंबडीची सरदी असता."

आताच दही म्हणत होती, आता सर्दी. बायकांचं बायकांना ठाऊक.

२ फेब्रुवारी

दहा दिवस लिहायला हात वळला नाही. हिला रक्ताची गुळणी आली. आता खाटेवरून उठवत नाही. भात मी टाकतो, करपतो, मीच खातो. चार वाजता कप आता खाटेशी नेतो आणि नेहमीप्रमाणे पाठ करून बसतो. परवा म्हणाली आज नको. काल आणि आजही नको म्हणाली. तीन दिवस कपाला तोंड नाही. असं कसं चालेल?

९ फेब्रुवारी

डॉक्टर आले. फार बसले नाहीत. म्हणाले, आता दूध, अंडी सगळं बंद करा. पचत नाही ते देऊ नका. पेजेवरचं पाणी, तेवढं. पायरी उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी अंडी बंद करणार नाही. म्हणजे आज नाही, पण ताप उतरला की लागतीलच. तोवर कोंबड्या धडधाकट केल्या पाहिजेत. मिरजोळ्याहून एक ओळखीचा वैदू कुड्याची ताजी साल देऊन गेला. काढा करून कणी भिजवली. माणसाच्या हगवणीला याच्यासारखं औषध नाही.

१३ फेब्रुवारी

साधलं! तिघींची घट्ट! तांबडी, काळी, झिपरी, तिघींची करडी, वर चुन्याची टोपी. कालही बरीच सावरली होती, मीच विश्वास ठेवला नाही. पावणेतीन महिने छळलं मेल्यांनी! कुडा, कुडा! पहिल्या दिवशी का नाही सुचला?

आंघोळ न करताच आत धावलो, कोटासकट. म्हटलं, अगो, बऱ्या झाल्या! आता अंडी नीट मिळतील. तू तेवढी चार दिवसांत ऊठ.

ही माझ्याकडे बघत राहिली. "बऱ्या झाल्या?" म्हणाली. "बरं झालं हो. बिचाऱ्या." आणि भिंतीकडे तोंड केलं. थकली होती.

१४ फेब्रुवारी

आज चार वाजता मागल्या दाराशी गेलो होतो. सरपण घ्यायला.

तिन्ही कोंबड्या चिऱ्याच्या पायरीखाली उभ्या होत्या. ओळीने. माना वर, दाराकडे. मी दार उघडलं तशा तिघी पुढे झाल्या आणि पायरीच्या दगडातल्या खळग्यात चोची घालून कोरडा दगड टोचू लागल्या. मग पुन्हा माना वर. मी हुसकलं. गेल्या नाहीत. माझ्या हाताकडे बघत होत्या.

ओटीवरच्या घड्याळात चारचे ठोके पडून पुरे पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. दाणे मी सकाळी आणि सांजेला टाकतो. चार वाजता कधीच नाही. चार वाजता मी ओटीवर पाठ करून बसलेला असतो.

खळग्याच्या कडेला दुधाची पांढरी पुटं चढली आहेत. थरावर थर. आज पाहिली. रोज तिथूनच ये-जा करतो मी.

सरपण न घेताच आत आलो. पुढे लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी

विचारलं.

रात्रभर ठरवलं होतं विचारायचं नाही. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला काय जाब विचारायचा? पण सकाळी पेज भरवताना तोंडून गेलंच. म्हटलं, एक तरी घेतलंस का गं?

हिने चमचा बाजूला सारला. "पहिल्या दिवशी अर्धा कप घेतला. तेव्हाच उलटून पडला. देवाशपथ."

मग माझा तोल गेला. म्हटलं, तू जगावीस म्हणून मी जानवं कानावर घेऊन शिटेत बसलो. भाऊ तुटला. श्राद्धाला भटजी आला नाही. आणि तू ते कोंबड्यांना पाजलंस! नाही म्हणायचंस! तोंड होतं ना? दुसरं काही शोधलं असतं, मिरजेच्या इस्पितळात नेलं असतं, काहीतरी केलं असतं. जगायचं नव्हतं का तुला?

ओरडलो असेन. परशुराम अंगणात येऊन उभा राहिलेला खिडकीतून दिसला.

ही शांत. दम लागत होता, थांबून थांबून बोलली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. रेकॉर्डचा माणूस आहे, शब्द इकडचा तिकडे करणार नाही.

"जगायचं होतं की. पण ते घशाखाली उतरेना, त्याला मी काय करू? रोज म्हणे, आज सांगू, उद्या सांगू. सांगितलं की कोंबड्या जनीकडे परत जाणार. त्या गेल्या की तुम्ही पुन्हा ओटीवर. तुम्ही सकाळी येऊन इथे बसायचात, कवडीची कशी, तांबडीची कशी. एकतीस वर्षांत इतकं बोलला नव्हता हो तुम्ही माझ्याशी. कचेरीतून यायचं, जेवायचं, पेपर वाचायचा. मी म्हटलं, असू दे. चार महिने का होईना."

मग म्हणाली, "कवडी माझ्यामुळे मेली. त्याचं मात्र वाईट वाटतं."

चमचा हातात तसाच धरून बसलो. पेज गार झाली, पुन्हा ऊन करून आणली. पाच चमचे घेतले.

सांजेला परशुराम वरणाची वाटी घेऊन आला. आत आला, वहिनीच्या पायांशी टेकला, थोडा वेळ बसला आणि गेला.

१७ फेब्रुवारी

शुद्ध येते-जाते. जनी दिवसभर उंबऱ्यावर बसून असते. काल मी तिला विचारलं, तुला ठाऊक होतं ना? "व्हय," म्हणाली. मग मला का नाही सांगितलंस? "वैनीनू नको म्हनाल्या. म्हनाल्या, आण्णा आता कुठं बोलाया लागलेत."

१९ फेब्रुवारी

पहाटे डोळे उघडले. ताप कमी, आवाज अगदी बारीक. मी नेहमीप्रमाणे परसात जाऊन खुराडं साफ करून, आंघोळ करून आत आलो. येसू वाट बघत होती.

"आज काय?" म्हणाली.

आज तिघींची उत्तम. घट्ट, करडी, टोपी जागच्या जागी. गेले आठ दिवस एकसारखी. पण उत्तम आहे म्हटलं की सांगण्यासारखं काही राहत नाही. दोन वाक्यांत संपतं, आणि मग मी काय बोलणार?

बत्तीस वर्षांत एक खोटी नोंद केली नाही. आज केली. तिच्या उशाशी स्टूल ओढून बसलो आणि म्हटलं, येसू, झिपरीची पुन्हा पातळ वाटते गं. पिवळट आहे. फेससुद्धा.

तिने डोळे मिटले. मी पुढे सांगत गेलो. काल कणी दिली ती जुनी होती का, पाण्याचं भांडं बदलावं का, राख कुठली चांगली, आंब्याची की माडाच्या करवंटीची. बराच वेळ बोलत होतो. मध्येच तिने माझ्या धोतराचा काठ बोटात धरला.

"डाळिंबाचं साल," म्हणाली. "द्या थोडं."

देतो म्हटलं.

"आणि उद्या सांगा कशी आहे ते."

सांगीन म्हटलं.